आर्व्हिलच्या नावाची अस्वलं

आर्व्हिल स्टेमीनं जन्मभरात किती अस्वलं कोरली, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या डोंगरात आधी वीस वर्षं तो झाडं पाडायचा. लाकूडतोडीचं काम बंद पडलं, तेव्हा त्याच चेनसॉनं, साखळीच्या यांत्रिक करवतीनं, पाइनच्या ओंडक्यातून अस्वलं काढायला लागला. घाटातल्या वळणावर त्यानं पत्र्याची शेड टाकली, बाहेर चार अस्वलं उभी केली, आणि गाड्या थांबायला लागल्या.

अस्वल गोंडस करणं त्याला जमायचं नाही, आणि जमवायचंही नव्हतं. हिवाळा संपताना उपाशीपोटी बाहेर पडल्यासारखी दिसायची त्याची अस्वलं, खांदे पुढे काढलेली, रागावलेली.

"भीती वाटते हो याची," गिऱ्हाईक म्हणायचं.

"अस्वलच आहे ते," आर्व्हिल म्हणायचा. आणि तेच गिऱ्हाईक तेच अस्वल गाडीत घालून न्यायचं.

पासष्टीनंतर त्याची बोटं पांढरी पडायला लागली. करवतीच्या थरथरीनं असं होतं. आधी फक्त थंडीत, मग बाराही महिने. शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टर म्हणाला, करवत सोडा. वर्षभर आर्व्हिलनं ऐकलं नाही. मग एका सकाळी करवत हातातून निसटून मांडीला चाटून गेली, तेव्हा ऐकलं.

धंदा जावयाकडे, ड्वेनकडे आला. शेड पाडून त्यानं काचेच्या खिडक्यांची गॅलरी बांधली, कोपऱ्यात कॉफीचं मशीन ठेवलं. कोरता मात्र त्याला येत नव्हतं. मग कुठल्याशा कारखान्यातून ट्रक भरून अस्वलं यायला लागली. सगळ्यांचं तोंड एकच, हसरं, आणि हातात स्वागताची पाटी. आर्व्हिलची मुलगी मिस्टी त्यांच्या बुडाशी तापवलेला लोखंडी शिक्का दाबायची: ए. स्टेमी.

"माझं नाव कशाला?" आर्व्हिलनं विचारलं.

"मग कुणाचं घालू, बाबा? लोक तुमच्या नावावर थांबतात."

"नवऱ्याचं घाल की."

ड्वेन हसला. "माझ्या नावावर सरपणसुद्धा खपायचं नाही, बाबा."

दारात खुर्ची मांडली गेली. चौकड्यांचा शर्ट घालून, साखळी काढलेली करवत मांडीवर घेऊन आर्व्हिलनं दिवसभर तिथं बसायचं. लोक शेजारी उभे राहून फोटो काढायचे.

एकदा एका बाईनं विचारलं, "आजोबा, हे करायला किती दिवस लागले?"

"मी नाही केलं. ट्रकमधून आलंय. मला आता चमचासुद्धा धड धरवत नाही."

बाई खळखळून हसली. "डोंगरातली माणसं बघ कशी थट्टा करतात," असं नवऱ्याला म्हणाली आणि दोन अस्वलं घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात त्यानं दुसऱ्या एकाला हेच सांगितलं. तो माणूस हसला नाही. ड्वेनकडे जाऊन त्यानं पैसे परत मागितले.

"बाबा, दोन घरं चालतात यावर," मिस्टी त्या संध्याकाळी म्हणाली. "तुमची औषधंही यातूनच येतात. खरं बोलून काय मिळालं तुम्हाला?"

"काही नाही," आर्व्हिल म्हणाला. "मिळवायला बोललोच नव्हतो."

सोमवारी खुर्चीशेजारी पाटी लागली: आर्व्हिलआजोबांना ऐकू येत नाही. कृपया बोलू नये. फोटो काढायला हरकत नाही.

त्यानं ती सावकाश वाचली. मिस्टी वर बघेल म्हणून थांबला. ती ॲप्रनच्या टोकानं पाटीवरची धूळ पुसत राहिली. नव्या पाटीवर धूळ नव्हती.

त्यानंतर लोक त्याच्यासमोर मोकळेपणानं बोलायला लागले. याला अंघोळ कोण घालत असेल. कळत असेल का काही बिचाऱ्याला. त्याच्या हातचं एकच अस्वल उरलं होतं, कॉफीच्या मशीनमागे ढकललेलं. एका जोडप्याला ते दिसलं.

"किती भेसूर आहे," नवरा म्हणाला.

"हात बसला नसेल तेव्हाचं असेल," बायको म्हणाली. "आता बघ ना, किती सफाई आलीय."

आर्व्हिल हललासुद्धा नाही. बाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला.

त्या रात्री जेवताना मिस्टीनं विचारलं, "बाबा, घेवड्यात मीठ बरोबर पडलंय ना?" तो मक्याचा पाव मोडून खात राहिला. तिनं पुन्हा, मोठ्यानं विचारलं. ड्वेननं त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला. आर्व्हिलनं पावाची थाळी त्याच्याकडे सरकवली.

महिनाभर हेच चाललं. शेवटी मिस्टी त्याला खाली गावात कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं तपासून सांगितलं, करवतीवर जन्म गेलेल्या माणसाचे कान इतके चांगले त्यानं पाहिले नव्हते.

परतताना ती अर्धा घाट चढून आली. मग गाडी कडेला घेऊन म्हणाली, "मला शिक्षा करताय का, बाबा?"

तो काचेतून बाहेर बघत राहिला. ती रडली. रडून झाल्यावर तिनं गाडी सुरू केली.

पाटी तिनं त्याच संध्याकाळी काढली. आर्व्हिल त्यानंतरही गिऱ्हाइकांशी बोलला नाही, आणि तिच्याशीही नाही. त्या हंगामात अस्वलं मात्र कधी नव्हे इतकी खपली.