जावयाचा चंद्रोदय

आता हा गाढवपणा तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू? पण चहा पाजताय, तर ऐका.

मी खगोलशास्त्रज्ञ. त्यातही माझा विषय खगोलीय यांत्रिकी, म्हणजे आकाशातला कुठला गोळा कधी कुठे असेल याचं गणित. नोकरीत उपग्रहांच्या कक्षा काढतो. सासूबाई मात्र ठाण्यात, अख्ख्या नौपाड्यात सांगायच्या, ‘जावई कॉम्प्युटरमध्ये आहेत.’ मला ते लागायचं.

लग्नानंतरची पहिली संकष्टी. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बावीस वर्षांत एकही मोडलेली नाही. चंद्र उगवल्याशिवाय घास नाही. समोर टॉवर झाल्यापासून चंद्र दिसत नाही, म्हणून कॅलेंडरवरची वेळ बघून उपास सोडतात. त्या दिवशीची वेळ होती नऊ बावीस.

“ती मुंबईची,” मी म्हटलं. “थांबा, नौपाड्याची काढून देतो.”

कोणी विचारलं होतं का मला? लॅपटॉप उघडला, गणित केलं. आठ चव्वेचाळीस.

“अडतीस मिनिटांचा फरक?” बायको म्हणाली. “नौपाडा काय नागपूरला आहे?”

“अगं, छापणारे ढोबळ घेतात. मी हवेत वाकणारा प्रकाशसुद्धा धरलाय.”

आईंचा चेहरा फुलला. बिल्डिंगच्या ग्रुपवर त्यांनी पहिल्यांदाच लिहिलं, ‘आमचे जावई खगोलशास्त्रज्ञ आहेत. चंद्रोदय ८.४४.’ अकरा घरांनी उपास सोडला.

साडेनऊनंतर शेजारच्या लिमयेकाकू गच्चीवरून खाली आल्या. त्या गच्चीत जाऊन डोळ्यांनी चंद्र बघतात.

“चंद्र आत्ता कुठे वर आला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जेवलात पण?”

मी चौथा मोदक ताटात परत ठेवला आणि लॅपटॉप उघडला. आपली घड्याळं लावलेली असतात पार उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरकडच्या वेळेवर. ठाण्याची आकाशातली वेळ त्याच्या अडतीस मिनिटं मागे. मी काढली होती ती आकाशातली वेळ. त्यात अडतीस मिनिटं मिळवायची असतात, हे पूर्वी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवलेलं.

सगळं खरं सांगून टाकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षांची संकष्टी माझ्यामुळे मोडली होती. आई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांनी एकदा लॅपटॉपकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “ऑफिसात तुमचं गणित तपासायला कोणी असतं का हो?”

“असतात ना. दोघं जण.”

आईंनी देवासमोर हात जोडले. “गणराया, त्या दोघांना उदंड आयुष्य दे.”