फोम लावलेल्या काठ्या

माझे मालक नेपाळचे. महापेला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते आणि मी तिथंच झाडलोट करायचे. त्यांनी मला हसवून हसवून लग्नाला तयार केलं. मी कुणाशी बोलत नसे, त्यामुळे मी हसले की त्यांना काहीतरी जिंकल्यासारखं वाटायचं.

तुर्भ्याला आमच्या वस्तीत सणाला स्टेज लागलं की त्यांना बोलावणं यायचं. गळ्यात शिट्टी, वाकडी टोपी, मोडकं मराठी. स्टेजवर ते मुद्दाम जास्तच मोडायचे. लोक त्यांनाच हसायचे. ते म्हणायचे, "हसू दे. हसणारा माणूस हात उचलत नाही."

त्या वर्षी त्यांनी नवा किस्सा सांगितला. "शाबजी, रात्री भाऊ पिऊन येतो. मी भाऊला सलाम करतो, भाऊ खांबाला सलाम करतो. खांब बिचारा रोज ड्युटीवर." सगळी वस्ती हसली. भाऊ म्हणजे स्टेज लावणाऱ्या मंडळाचे पुढारी. पुढच्याच खुर्चीत बसले होते. तेही हसले, पण सगळ्यांच्या नंतर.

मी स्टेजच्या मागे उभी होते. ते पायऱ्या उतरले आणि मंडळाच्या चार पोरांनी त्यांना धरलं. मांडवाच्या उरलेल्या बांबूंनी मारलं. आधी पाठीवर, मग गुडघ्यांवर. खाली पडल्यावर एकानं बुटानं तोंडावर लाथ घातली. "आता हसव की, बहादूर." दुसऱ्या लाथेला हाड मोडलं, सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. समोर लाउडस्पीकरवर गाणं चालू होतं. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

डॉक्टरांनी जबडा तारेनं बांधला. मी नळीनं वरणाचं पाणी द्यायचे. तार निघाली तेव्हा तोंड डावीकडं ओढलं गेलं होतं. ते किस्सा सांगायला लागले की लहान मुलं रडायची.

तेच तोंड वाशीच्या एका नाटकवाल्या सरांना आवडलं. आधी नाटकात गुंड झाले, मग मालिकेत, मग दोन सिनेमांत. पडद्यावर त्यांनी बायकांचे केस ओढले, म्हाताऱ्याला जिन्यावरून ढकललं, एकाचा गळा दाबला. नळावर शेजारीण विचारायची, "घरी पण असंच करतात का गं? की घरी सुट्टी?" घरी ते स्टीलच्या ताटात स्वतःचं तोंड बघत जुने किस्से म्हणायचे. मी आले की ताट खाली ठेवायचे. लोक आता त्यांना ओळखत होते, रस्त्यात घाबरून बाजूला होत होते. त्यांना मात्र एकच हवं होतं. पुन्हा एकदा लोकांनी हसावं.

मग सरांनी त्यांचीच हकिगत ऐकून नाटक बसवलं. वॉचमनवर चोरीचा आळ येतो आणि सोसायटीवाले त्याला मारून टाकतात. वॉचमनचं काम त्यांनाच दिलं. काठ्यांना गुंडाळलेल्या फोमवर कापडाच्या खोळी मीच शिवल्या. लागणार नाही हे मला पक्कं माहीत होतं.

तरी नाट्यगृहात प्रयोगाला चौघं काठ्या घेऊन आले, माझे मालक गुडघ्यांवर पडले, एकानं पाय उचलला आणि मी खुर्चीतून उभी राहिले. "तोंडावर नको. तिथं एकदा मोडलंय."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. काठ्या वरच राहिल्या. लोक वळून बघायला लागले. मालकांनी पडल्या जागेवरून मान वर करून अंधारात पाहिलं. मग त्या जुन्या आवाजात म्हणाले, "म्याडम, एंट्री केला का? आधी रजिस्टरमध्ये नाव लिहा, मग भांडणात या."

सगळं नाट्यगृह हसलं. हसणं थांबेना. सर विंगेत कपाळाला हात लावून उभे. माझे मालक वाकड्या तोंडानं ते हसणं ऐकत पडून राहिले. मग त्यांनीच हातानं चौघांना खूण केली, मारा. काठ्या धपाधप पडू लागल्या. लोक अजून हसत होते. त्यांच्यात सगळ्यांच्या नंतर कोण हसतंय, ते मी अंधारात शोधत बसले.