सुधीरचे उन्हाळे

रेखाचा, माझ्या भावजयीचा, फोन आला तेव्हा मी जळगावच्या भाजीबाजारात होते. "अक्का, यांना दवाखान्यात आणलंय. तुम्ही निघा," एवढंच ती बोलली. भाजी तिथेच सोडून मी घरी आले, गाडी सांगितली, सुधीरचे जुने रिपोर्ट ठेवलेली फाइल उचलली आणि धुळ्याच्या रस्त्याला लागले. पारोळ्याच्या अलीकडे पुन्हा फोन वाजला. या वेळी रेखा नव्हती, तिचा भाऊ होता. त्यानं काही सांगायच्या आधीच मला कळलं... मांडीवरच्या फाइलीचा आता कुणालाच उपयोग नव्हता, तरी धुळं येईपर्यंत मी ती घट्ट धरून बसले.

सुधीर माझा धाकटा भाऊ. पन्नाशीही गाठली नाही त्यानं. नंतरच्या आठवड्यांत मृत्यूचा दाखला, बँक, विमा, घराच्या कागदांवरची नावं ही कामं मी एकेक करून उरकली. अशा वेळी मला हाताला काम लागतं. शेवटी एकच गोष्ट राहिली आणि ती मला उरकता येईना. सुधीरच्या मुलीला, स्नेहलला, पुण्यात नोकरी मिळत होती, बापाच्याच क्षेत्रातली. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. रेखानं सगळं माझ्यावर सोडलं होतं, "अक्का, तुम्ही सांगाल ते." आणि माझ्या मनात सारखं येत होतं, या कामानं माझा भाऊ नेला. आता पोरही त्यालाच द्यायची?

सुधीरचं काम काय, हे आमच्या नात्यात कुणाला कधी नीट सांगता आलं नाही. इंजिनिअर झाल्यावर सगळ्यांना वाटलं, वीज कंपनीत चिकटेल. त्यानं धुळ्यातल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत ऊर्जा नियोजनाचं काम धरलं. कोणत्या गावाला पुढच्या काही वर्षांत किती वीज लागेल, ती कुठून आणायची, तारा आणि ट्रान्सफॉर्मर तेवढं ओझं पेलतील का, याचा अंदाज बांधायचा. धरणगावकडे राहणारे आमचे मामा, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांना त्यानं एका लग्नात हे सविस्तर समजावलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बठ्ठं समजनं भो. पन लाईट कव्हय ई, तेवढं सांग." लाईट कधी येणार, एवढंच त्यांना हवं होतं; मांडवात हशा पिकला. सुधीरही हसला. मी मात्र त्याच्या पगाराची चौकशी करत होते, कायम नोकरी आहे का, पीएफ कापतात का... तेव्हापासून माझी काळजी सुरू झाली.

त्याच्या हाती पहिलं मोठं काम आलं ते नानांच्याच पट्ट्यातलं. विहिरींवरच्या मोटारींची पाहणी करून त्यावर आराखडा बांधायचा होता. सुधीर खुशीत होता, आपलीच माणसं, आपलीच गावं. गावात मंजुरी पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीची आणि विहिरीवर साडेसातची, हा प्रकार त्याला माहीत नव्हता असं नाही. म्हणून मोटार खरी केवढी आहे ते कळायला तो प्रत्येकाच्या स्टार्टरची पेटी उघडून बघत होता. नानांच्या विहिरीवर मात्र त्यानं पेटी उघडली नाही. मामांना कसं म्हणायचं, दाखवा म्हणून? नाना म्हणाले "पाचनी", यानं पाच लिहिलं. मामांची उघडली नाही म्हटल्यावर शेजारच्या भाऊबंदांचीही उघडता येईना. मग त्या गावात त्यानं सांगितलेलंच लिहून घेतलं.

पुढच्या मे अखेरीस बागायती कापसाची लावण झाली. ठिबकसाठी सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या आणि सुधीरच्या आकड्यांवरून बसवलेली गावाची नवी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. कोवळी रोपं उन्हात माना टाकू लागली. कंपनीत सुधीरला जाब विचारला गेला. नोकरी राहते की जाते, असे ते दिवस होते. तो नानांकडे गेला तेव्हा मीही सोबत होते. नाना ओट्यावर मान खाली घालून बसले होते. "खरं सांगतू तर तुले मनं नाव लिखनं पडतं ना भो," ते म्हणाले. भाच्याला मामाची चोरी लिहावी लागू नये म्हणून ते खोटं बोलले होते, आणि मामाचा अपमान होऊ नये म्हणून भाच्यानं बघितलं नव्हतं. (हे मी नानांना विचारूनच लिहिते आहे. "लिख, बठ्ठासले समजू दे," असं ते म्हणाले.)

नोकरी वाचली. सुधीरनं तो आराखडा पुन्हा केला, आणि त्याची सुरुवात नानांच्या पेटीपासून केली. त्यानंतर तो कुठल्याही गावात गेला की आधी सांगायचा, "मी कुणाला पकडायला आलेलो नाही. खरं सांगा, म्हणजे तुमची डीपी राहील आणि मला झोप लागेल." लोक सांगायला लागले. पुढे शेतीला दिवसा सौर वीज द्यायच्या योजना आल्या आणि त्याचं नाव झालं, लांबून बोलावणी येऊ लागली. झोप मात्र त्याला कधी लागली नाही. मार्च उजाडला की तो वेगळाच माणूस व्हायचा. लग्नाच्या जेवणावळीत मांडवातले कूलर मोजायचा. नशिराबादला माझ्या नणंदेकडे पंखा जरा मंदावला तर घास हातात धरून वर बघत बसायचा. मी चिडायचे, "अरे, सगळ्या जिल्ह्याचा पंखा तूच फिरवतोस का?"

यंदा छातीत दुखतं म्हणाला. मी डॉक्टरांची वेळ घेतली. त्यानं ती पुढे ढकलली. मी पुन्हा घेतली. "अक्का, उन्हाळा जाऊ दे, मग दाखवू."

उन्हाळा अजून आहे...

शनिवारी मी त्याची खोली आवरायला धुळ्याला गेले. रिकामी खोकी सोबत नेली होती. स्नेहल त्याच्या खुर्चीवर लॅपटॉप उघडून बसली होती. मी सरळच विषय काढला.

"बाई, दुसरं काही बघ. तुझ्या बापाला या कामानं नेलं."

"कामानं नाही, आत्या. तपासणी टाळली म्हणून गेले."

"टाळली कशासाठी?"

तिनं लॅपटॉप जरा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मलाही भीती वाटते. पण मला दुसरं काही करावंसंच वाटत नाही, त्याला काय करू?"

मला तिच्या बापाचा चेहरा दिसला. 'हो' म्हणायला जीभ उचलेना, 'नाही' म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. शेवटी मला जे जमतं तेच मी केलं. "जा," मी म्हणाले. "पण दर वर्षी तपासणी फेब्रुवारीत. उन्हाळ्याच्या आधी. वेळ मी घेणार, सोबत मी येणार, आणि ती पुढे ढकलायची नाही."

"चालेल."

"चालेल नाही. शब्द दे."

तिनं दिला. माझी काळजी काही मिटली नाही. ती आता दर मार्चला परत येणार, हे मला कळून चुकलंय.

दुपारचे तीन वाजत आले होते. खोलीत भट्टी झाली होती, म्हणून मी कूलरच्या बटणाकडे हात नेला. "आत्या, राहू दे," स्नेहल म्हणाली. "या वेळेला बाबा लावायचे नाहीत. तारांवर सगळ्यात जास्त ओझं आत्ताच असतं."

"एका कूलरनं काय फरक पडतो?"

"काहीच नाही. तेही तेच म्हणायचे. पण लावून बसवत नाही म्हणायचे."

मी पलंगाच्या कडेवर बसले आणि वर्तमानपत्राची घडी करून वारा घेऊ लागले. ती पुण्याला पाठवायचं उत्तर लिहीत होती, मधेच ओढणीनं मान पुसत होती. बटण माझ्या हाताच्या अंतरावर होतं. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.