दुपारी ओ देऊ नये

दूरच्या कुठल्याशा मुलखात लढाई पेटली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या दर्यापुराकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या उन्हाळ्यात गावात धड माणूस सापडत नसे. पुरुष गाड्या जुंपून अमरावतीला, बाया पाटलाच्या आवारात रेचे फिरवून कापसातली सरकी काढायला. मला कोणी कुठेच नेलं नाही. मी गाडीवर बसलो की बैल जागचे हलत नसत, आणि रेच्यात कापसाआधी माझं बोट जाई. बायको आदल्या वर्षी पटकीच्या साथीत गेली होती. तेव्हापासून मी घरात असलो काय, नसलो काय, कोणाचं अडत नव्हतं.

"भाऊजी, लेकरं सांभाळा," वहिनी म्हणाली. "बैल नाई आयकत तुमचं, लेकरं तरी आयकतील."

लेकरं पाच, सगळी भावाची. धाकटी पोर पाच वर्षांची. दुपारी त्यांना ओसरीवर थोपवून धरायचं, एवढंच काम. पण ओढ सगळ्यांना नदीची. नदी आटली होती, आणि तिच्या वाळूत माळ्यांनी डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या केल्या होत्या. पिकल्या डांगराचा वास पार गावात यायचा.

मारून थोपवणं मला जमेना, म्हणून मी गोष्ट रचली. भर दुपारी नदीकडे एक बाई हिंडते. घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारते. ओ दिली की गेलाच. ओळखायची कशी? तिचे पाय उलटे. गोष्ट इतकी रंगली की पोरं एकमेकांना बिलगून बसली. सांगता सांगता मीही स्वतःच्याच गोष्टीत गुंगलो, आणि झोपलो.

जागा झालो तर चारच डोकी. धाकटी नाही.

अनवाणीच धावलो. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. पाटलाच्या आवारावरून ओरडत गेलो, पण आत इतके रेचे करकरत होते की कोणाला ऐकू गेलं नाही. नदीच्या काठावर उभा राहून तिला हाका मारल्या. समोर नुसती पांढरी वाळू, वर थरथरणारी झळ. पुन्हा मारल्या. घसा कोरडा पडला. एवढ्या मोठ्या रानात माझ्या आवाजाशिवाय आवाज नव्हता, आणि तोही कोणाला नको होता.

मग वाळूत इवली पावलं दिसली. ती माळ्याच्या झोपडीकडे गेली होती. माळी जेवायला गावात गेलेला. झोपडीच्या कुडाला टेकून ती बसली होती, दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून. चेहरा लालभडक, अंगाला घामाचा टिपूस नाही.

"अवं, एवढ्या हाका मारल्या! ओ कावून नाई दिली?"

तिनं तोंडावरचे हात काढले नाहीत. बोटांच्या फटीतून म्हणाली, "पयले पाय दाखव."

वाळू अशी तापलेली की मी एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होतो. पाय सुलटे की उलटे, तिला काही कळेना.

"नाचू नोको! उभा राह्य!"

उभा राहिलो. पोरीनं खाली वाकून टाचा पाहिल्या, बोटं पाहिली, काही घाई नाही. मग दोन्ही हात माझ्याकडे पसरले.

"म्या आयकलं होतं, काका. पन तूच तं सांगतलं, ओ नाई देवा लागत."

"मंग इकडं आलीच कावून?"

"ओ देल्ली नाई तं ते बाई नेत नाई ना."

म्हणजे माझ्या गोष्टीनं तिला थोपवलं नव्हतं, वाट दाखवली होती.

वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी पाजलं, पागोटं भिजवून तिला गुंडाळलं आणि घरी आणलं. दोन दिवस ताप होता. वहिनी तिच्या तळपायांना कांद्याचा रस चोळी, कैरीचं पन्हं पाजी. पोरांनी सगळी हकिगत वहिनीला सांगितली होती, तरी ती माझं ताट रोजच्यासारखंच वाढी. चांगली रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी पोर उठून बसली आणि जेवायला मागू लागली. मी मागच्या दारी जाऊन तोंड धुऊन आलो.

त्यानंतर मी ठरवलं, खरं तेच सांगायचं. ऊन डोक्यात कसं चढतं, फडकं का बांधावं, तहान लागायच्या आधी पाणी का प्यावं. पहिल्या दुपारी दोघांनी जांभया दिल्या. चौथ्या दुपारी मी घसा खाकरला, आणि पाचही जणं आडवी झाली. उन्हाळाभर एकही पोर उंबऱ्याबाहेर गेलं नाही.

मी दारात आडवा पाय टाकून बसे, टक्क जागा. एखादं कुशीवर वळलं की घाईनं विचारी, "पानी पाह्यजे काय रे?" झोपेतच मान हले, नको म्हणून. मग मीच पेलाभर पिई आणि उन्हं उतरायची वाट पाही.