सहावं चाक

दादानं मला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. दसऱ्याच्या दिवशी वडिलांचा ट्रक आपल्या सहा चाकांवर उभा असला तर तो राहील, नसला तर दुसऱ्याच दिवशी भंगारवाला गॅस कटर घेऊन येईल. हे त्यानं पोळ्याच्या दिवशी, जेवताना, ताटातून मान वर न करता सांगितलं. मी हात धुतले आणि वही काढली. मधे सहा रविवार होते. कामं एकेचाळीस निघाली. प्रत्येक कामापुढे चौकट आखली, काम झालं की बरोबरची खूण करायची.

यादी करायची सवय मला नोकरीनं लावली. मी संग्रामपूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचं सामान सांभाळतो. किती परीक्षानळ्या आल्या, किती फुटल्या, हे माझ्या वहीत असतं. घरातही गॅस सिलिंडर कधी लावला, विहिरीची मोटर कधी भरून आणली, हे लोक मलाच विचारतात. माझ्या वहीत खूण आहे म्हणजे ते झालं आहे, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात.

ट्रक लांब नाकाचा, जुन्या घडणीचा. वडील गेल्यापासून तो आमच्या अंगणात विटांच्या थरांवर उभा होता. चाकं काढून गोठ्याच्या भिंतीला लावलेली. मी शाळेत असताना सुट्टीत त्यात बसून खामगावला कापूस उतरवायला गेलो होतो. केबिनमध्ये आलेल्या इंजिनाच्या गरम झाकणावर गोधडी टाकून वडील मला बसवायचे, येताना भजी मिळायची. माझ्याजवळ ट्रकचं एवढंच होतं.

दादाचं वेगळं होतं. त्याला अकरावीतून काढून वडिलांनी त्या ट्रकवर घेतलं. शिकवताना ते शेजारी बसत आणि हातात वेताची छडी धरत. गिअर खरखरला की छडी दादाच्या डाव्या हाताच्या बोटांवर पडे. जळगाव जामोदपर्यंतच्या रस्त्यात किती वेळा पडे ते तो मोजायचा, असं त्यानंच मला एकदा सांगितलं होतं. त्या हाताची दोन बोटं अजूनही नीट सरळ होत नाहीत. मला मात्र कॉलेजात घातलं. तेव्हा ट्रक ठेवायचा की कापायचा, यावर आम्हा दोघांचं एकमत होणं शक्यच नव्हतं. मुदत मिळाली हेच मी खूप समजलो.

कामाला लागल्यावर पहिल्याच रविवारी माझे दोन दात हलले. मागच्या धुऱ्याचे नट गंजून एकजीव झाले होते. दोन दिवस डिझेल पाजलं, काही उपयोग झाला नाही. मग पान्याला चार हात लांबीचा पाइप घातला आणि त्यावर पूर्ण वजन टाकलं. नट सुटला नाही, बोल्टच तुटला. मी तोंडावर मडगार्डवर आपटलो. तोंडातलं रक्त थुंकत उठलो तर दादा ओट्यावर बसून पाहत होता.

“काय बे, टरक तुले मारून राह्यला का तू टरकले?”

“बोल्ट तुटला.”

“तुटीनच. बुढ्यानं आवळलेला हाय थो. बुढ्याचं काही सुटते का?”

पुढच्या रविवारी छिन्नी आणि घन घेतला आणि राहिलेले नट फोडूनच काढले. हळुवारपणे काही निघेल ही आशा मी तोवर सोडली होती. कमानीच्या पट्ट्या ठोकून सुट्या केल्या. केबिनचा दरवाजा लाथा घालून उघडला. एका हातोड्याचा दांडा निसटून डोकं माझ्या पायावर पडलं, अंगठ्याचं नख काळं होऊन गळालं. वहिनी दर रविवारी संध्याकाळी हळद आणि कापूस घेऊन तयार असायची. “भाऊजी, आज कुठी?” एवढंच विचारायची.

केबिनच्या सीटखाली घोणस निघाली. मी सीट उचलली आणि खालून कुकरची शिटी व्हावी तसा आवाज आला. मी ओरडलो. दादा ओट्यावरून उतरला, भिंतीशी पडलेली टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पहार, त्यानं उचलली आणि पहिल्याच घावात सापाचं डोकं पत्र्याशी चेपलं. साप तिथेच संपला होता. दादा थांबला नाही. तो मारत राहिला. सीटची चौकट वाकली, स्प्रिंगा बाहेर आल्या, गिअरची दांडी तिरकी झाली. सापाचं काहीच उरलं नव्हतं तेव्हाही तो मारत होता. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि आत गेली. शेवटी दमून त्यानं टॉमी टाकली.

“मेली,” तो म्हणाला.

मी वहीत 'सीटची चौकट, गिअरची दांडी' अशी दोन कामं वाढवली.

त्या दिवसानंतर मात्र तो ओट्यावरून उतरू लागला. मदत करतो असं कधी म्हणाला नाही. जवळ येऊन “जॅक तठी नोको लावू, घसरीन,” असं सांगायचा आणि परत जायचा. एकदा मी दुपारी जेवायला गेलो तेव्हा त्यानं परस्पर ब्रेकचा पाइप बसवून टाकला. मी विचारलं तर म्हणाला, “तुह्या वहीत लिहेल होतं, रिकामा डब्बा दिसला, केलं.” तो माझी वही वाचतो हे मला तेव्हा कळलं. मला फार बरं वाटलं.

खंडेनवमीच्या दिवशी पाच चाकं लागली होती. सहावं अंगणात आडवं होतं. या जुन्या चाकांची रचना सांगायला हवी. टायर लोखंडी चकतीवर चढवला की बाहेरून एक रिंग बसवतात. ती रिंग निसटू नये म्हणून तिच्या खाचेत एक लोखंडी कडं घनानं ठोकून बसवतात, त्याला लॉक म्हणतात. लॉक पूर्ण गोलाईत खाचेत गेलं पाहिजे. कुठे एक बोटभर जरी वर राहिलं तर हवा भरताना ते सुटतं, आणि समोर जे असेल त्याला तोडून जातं. हे मला माहीत होतं. पंक्चरवाल्यानं कॉम्प्रेसर उसना देताना तीनदा बजावलं होतं.

लॉक तीन चतुर्थांश बसलं होतं. मी घन उचलला तोच वहिनी परात घेऊन आली.

“भाऊजी, हत्यारं द्या. पूजेले लागतात.”

“दहा मिनिटं, वहिनी.”

“दरसाली दहाच मिनिटं असतात तुमची. मुहूर्त चालला. घन, पाने, टॉमी, सगळं द्या. धुवाचं हाय अजून.”

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं झाडून सगळं लोखंड पाटावर जातं. विळे, कुऱ्हाडी, पाने, माझ्या कॉलेजातली कात्रीसुद्धा. धुऊन, कुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून ठेवतात, आणि दसऱ्याला सकाळी परत पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. मी घन परातीत ठेवला. उरलेलं लॉक सकाळी चार घावांत बसलं असतं. पण त्या दिवसाच्या कामांत एकच चौकट रिकामी राहिली होती. सणाच्या आदल्या दिवशी ती तशी ठेवणं माझ्यानं होईना. मी 'लॉक' यापुढे बरोबरची खूण केली आणि वही इंजिनाच्या झाकणावर ठेवली. कॉम्प्रेसर जड, तो पाटावर जाणार नव्हता, म्हणून वहिनीनं त्याला अंगणातच कुंकू लावलं आणि चाकाला झेंडूची माळ घातली.

दसऱ्याच्या सकाळी मी अंघोळ करून नवा सदरा शोधत होतो. अंगणात कॉम्प्रेसर चालू झाल्याचा आवाज आला. पंक्चरवाला न्यायला आला असेल असं वाटलं. सदऱ्याची दोन बटणं लावली आणि स्फोट झाला. खिडकीच्या काचा आत आल्या. पाठोपाठ पत्रा फाटल्यासारखा आवाज, मग झेंडूच्या पाकळ्या दारातून घरात.

मी बाहेर धावलो. दादा चाकापासून दहा फुटांवर, पाठीवर पडला होता. उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडून उलटा वळला होता आणि हाड कातडीतून बाहेर आलं होतं. रक्त धारेनं मातीत जात होतं. लॉक त्याच्या हातावरून जाऊन गोठ्याच्या पत्र्यातून आरपार गेलं होतं आणि पलीकडे म्हशीच्या गव्हाणीत रुतलं होतं. वीतभर डावीकडे असता तर त्याची मान गेली असती. वहिनीनं अंगावरची नवी साडी फाडली, मी दंडाला करकचून बांधलं. शेजाऱ्याच्या जीपमधून खामगाव, तिथून अकोला. वाटेत तो एकदाच शुद्धीवर आला.

“डब्ब्यात खूण होती,” तो म्हणाला. “म्हटलं, तू येईपर्यंत हवा भरून ठेवतो.”

मी दंडावरची गाठ आणखी आवळली.

हातात सळ्या घातल्या. हात वाचला, पण मूठ वळणार नाही असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. कोणी म्हणे, पूजा अर्धवट राहिली असेल. कोणी म्हणे, यंत्राला कुंकू लावलं पण नारळ फोडला नाही. वहिनीनं हे सगळं अंगावर घेतलं. “मीच घन उचलून नेला,” ती येईल त्याला सांगायची. अकोल्याला दादा शुद्धीवर नव्हता, तेव्हाही तिनं हेच सांगितलं होतं. शुद्धीवर आल्यावर दादानं ते ऐकलं आणि तेच धरलं. खुणेबद्दल जीपमध्ये काय बोलला ते त्याला आठवतही नव्हतं. वही माझ्या कपाटात होती. मी रोज कपाट उघडायचो आणि बंद करायचो.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी वहिनी त्याला भरवत होती. घास सांडला. दादानं डाव्या हातानं पितळी तांब्या उचलला आणि तिच्या तोंडावर फेकला.

“तुह्याच पूजेनं माहा हात गेला. आता कायले भरवतं?”

तिचं कपाळ भुवईच्या वर फाटलं. ती पदर लावून खाली बसली. रडली नाही. दादानं परत हाताशी काही लागतं का पाहिलं, ताट सापडलं. मी मधे गेलो, ताट काढून घेतलं आणि सांगितलं. लॉक बसलं नव्हतं. मला माहीत होतं. तरी मी खूण केली. वही आणून त्याच्या मांडीवर उघडून ठेवली.

त्यानं ती बराच वेळ पाहिली. मग उठला आणि डाव्या हातानं मला मारायला लागला. कानावर, तोंडावर, मानेवर. त्याच्या वाकड्या बोटांची नखं गालात शिरली. मी हात वर केले नाहीत. भिंतीला टेकलो तशी त्यानं लाथ घातली. सळ्यांचा हात झोळीत होता. प्रत्येक फटक्याला तो स्वतःच कळवळत होता आणि तरी मारत होता.

“डाव्याचं बुढ्यानं केलं,” तो धापा टाकत म्हणाला, “अन् उजव्याचं तुनं.”

वहिनीनं त्याला अडवलं नाही. तो दमून खाटेवर बसला तेव्हा ती कपाळावरचा पदर काढून माझ्याकडे पाहत म्हणाली, “भाऊजी, तीन हप्ते?”

मला दादाच्या मारापेक्षा ते जास्त लागलं. मी तिची माफी मागितली. तिनं पदर परत कपाळावर दाबला. तिला टाके घालायला मीच घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याला फोन लावला. ठरलं होतं ते ठरलं होतं, ट्रक पाच चाकांवर होता. तो गॅस कटर घेऊन आला. दादा ओट्यावर आला आणि त्याला फाटकातच थांबवलं.

“कोणं बोलावलं याले?”

“मी.”

“कोणाले इचारून?” त्यानं भंगारवाल्याला हातानं जायला सांगितलं. मग मला म्हणाला, “एवढा हात घालून आता कापाचा का? थे चाक बसव. आज बसव. मी पाहतो.”

गव्हाणीत रुतलेलं लॉक वाकलं होतं, ते टाकून जुन्या बाजारातून दुसरं आणलं. टायर परत चढवला. दादा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला. “मार,” तो म्हणायचा, मी घन मारायचो. “सरक. मार.” पूर्ण गोल फिरून झालं तेव्हा माझे खांदे भरून आले होते. त्यानं मला लॉकवर बोट फिरवायला लावलं, पूर्ण गोल, दोनदा. नंतर चाकाला जाड साखळी गुंडाळली. पंक्चरवाल्यानं या वेळी स्वतः येऊन कॉम्प्रेसर फाटकाबाहेर जोडला आणि तो तिथेच बटणापाशी उभा राहिला. मी नळी लांब करून भिंतीच्या कोपऱ्याआड उभा राहायचं ठरवलं होतं.

दादानं खुर्ची उचलून चाकासमोर आणली.

“दादा, बाजूले हो.”

“बसलं ना लॉक?”

“बसलं.”

“मंग भर हवा.”

“बाजूले हो आधी.”

“भर म्हटलं ना बे.”

वहिनी ओट्यावर उभी होती. कपाळाला पट्टी. तिनंही त्याला बोलावलं नाही. मी भिंतीआडून बाहेर आलो, खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिलो आणि कॉम्प्रेसर चालू करायला सांगितलं. टायर हळूहळू फुगत गेला. साखळी ताणली. हवेचा काटा वीस, चाळीस, साठ. लॉकखालून एकदा कट्‌ असा आवाज आला, तशी दादाच्या डाव्या हातानं माझी बाही धरली. तेवढी घट्ट की शिवण उसवली. रिंग आणखी आत बसल्याचा तो आवाज होता. नव्वदला मी हात वर केला, कॉम्प्रेसर बंद झाला.

दादानं बाही सोडली नाही. मीही हात सोडवून घेतला नाही. वहिनी खाली आली, साखळी काढायला लागली. आम्ही दोघं तसेच, ती चाकाची साखळी सोडवेपर्यंत.