माझ्या बापाविरुद्ध खोटी साक्ष

माझे पाय धुताना त्या बाईंनी हातमोजे घातले होते. पातळ, निळे, दवाखान्यात असतात तसले.

लालबागच्या एका चाळीचं पटांगण. शनिवारची दुपार. प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येक खुर्चीपुढे टब, टबात कोमट पाणी. येशूने शिष्यांचे पाय धुतले, तसे आमच्या चर्चला आलेले परदेशी पाहुणे गरिबांचे पाय धुणार होते. चाळीतल्या बायकांना आधी सांगून ठेवलं होतं. ऐन वेळी बऱ्याच जणी आल्याच नाहीत. एक तर गॅलरीतूनच म्हणाली, "आमचे पाय आम्ही रोज धुतो." आणि आत निघून गेली.

खुर्च्या रिकाम्या. फोटोवाला खोळंबलेला. टीमचे प्रमुख ब्रदर संदीप यांनी इकडेतिकडे बघितलं. नजर माझ्यावर येऊन थांबली.

मी त्यांच्याच टीममधली. गळ्यात इंटर्नचं कार्ड, अंगात चर्चचा पांढरा टी-शर्ट. सकाळपासून ते टब मीच वाहून आणले होते.

"कार्ड काढ," ब्रदर म्हणाले. "टी-शर्टवर ओढणी घे. त्या खुर्चीत बस."

"मी?"

"तू बसलीस तर कुणाला वेगळं वाटणार नाही."

माझ्या बाजूला रिया उभी होती. तीपण इंटर्न. पेडर रोडला राहणारी, गोरीपान. तिला कुणी बस म्हटलं नाही. ती बसली असती तर वेगळं वाटलं असतं.

मी बसले. पाहुण्यांतल्या एका बाईंनी माझा पाय बोटांच्या टोकांनी उचलला, पाण्यात बुडवला. फोटो निघेपर्यंत धरला. मग टॉवेल माझ्या मांडीवर ठेवला. पुसायचे मीच. उठताना त्यांनी हातमोजे काढून टबात टाकले. ते बाहेर काढून पाणी ओतायचं कामही माझंच.

मी टब रिकामा करत असताना त्या बाईंनी ब्रदरना विचारलं, "ही मुलगी कोण?"

आमची इंटर्न आहे, एवढं सांगायचं होतं. पण मग फोटो खोटा ठरला असता. ब्रदर इंग्रजीत म्हणाले, "ही आम्हाला गटाराच्या कडेला सापडली. बाप दारू पिऊन मेला. बघा आता, देवाच्या कामात आहे."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला मिठी मारली. माझ्या हातात टब तसाच. मला वाटलं, एका माणसापुढे म्हणाले, संपलं.

संपलं नाही.

खरं काय ते सांगते. आमची खोली भायखळ्याला, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत तुळस नाही, पण आईने लावलेला मोगरा आहे. गटाराच्या कडेला मी कधी राहिले नाही, आणि राहिले असते तरी त्याची लाज मला का वाटावी? पप्पा पालिकेच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. टीबीच्या वॉर्डात. ज्यांच्या घरचे भेटायलाही येत नसत, अशा माणसांना ते हाताने भरवायचे. भरवता भरवता तोच रोग घरी घेऊन आले. मी नववीत होते. शेवटी शेवटी त्यांचं मनगट माझ्यापेक्षा बारीक झालं होतं. दारूला त्यांनी आयुष्यात तोंड लावलं नाही. नाताळात शेजारी वाइनचा ग्लास पाठवायचे, तो पप्पा झाकून तसाच परत द्यायचे.

माझ्या आजोबांनी नगरकडे असताना बाप्तिस्मा घेतला. म्हणजे मी जन्माची ख्रिस्ती. मला कुणी कुठून उचलून आणलं नव्हतं. मला पाळक व्हायचं होतं. वेदीपाशी उभं राहून मराठीत उपदेश करायचा होता. त्यासाठी सेमिनरीत जावं लागतं, आणि सेमिनरीत जायला चर्चची शिफारस लागते. वर्षभर इंटर्न म्हणून काम केलं की शिफारस मिळते. म्हणून मी शनिवार-रविवार व्हॅनमध्ये बसायचे. आज लालबाग, उद्या वडाळा. टब, सतरंज्या, स्पीकर, बिस्किटांची खोकी. उतरवणार मी, चढवणार मी. रिया गिटार वाजवायची.

आणि ब्रदर संदीप. ठाकूरद्वारला त्यांचं जुनं घर. बाप्तिस्मा त्यांच्याही पणजोबांनी घेतलेला. पण त्या घराने धर्म बदलला तरी जात तशीच जपली. लग्नं आपसात. घरात अगदी शुद्ध मराठी, ण आणि न वेगळे. बाहेर पाहुणे असले की मात्र फक्त इंग्रजी. मग वस्तीतल्या लोकांना कळावं म्हणून शेजारी माइक घेऊन मी उभी. ते एक वाक्य बोलणार, मी त्याचं मराठी करणार.

वडाळ्याला, रेल्वेच्या यार्डामागच्या वस्तीत, देवाने कसं तारलं त्याची साक्ष म्हणून त्यांनी पहिल्यांदा ती गोष्ट माइकवर सांगितली. मला बाजूला उभं करून. माझ्या खांद्यावर हात ठेवून. "हिचा बाप दारू पिऊन मेला," ते इंग्रजीत म्हणाले आणि माझ्याकडे बघून थांबले.

समोर बायका बसलेल्या. पोरं मांडीवर. मी म्हणाले, "माझे वडील आजारी होते. वारले."

ब्रदरनी माझ्या हातातला माइक घेतला. स्वच्छ मराठीत म्हणाले, "तिला लाज वाटते, म्हणून तिने नीट सांगितलं नाही. तिचे वडील दारू पिऊन मेले." आणि माइक परत माझ्या हातात दिला. हसून.

समोरची एक बाई माझ्याकडे बघून च्च च्च करत राहिली. तिची दया माझ्या अंगावर घाणीसारखी चिकटली. घरी जाऊन मी अंघोळ केली तरी जाईना.

परत येताना व्हॅनमध्ये मी म्हणाले, "ब्रदर, माझे पप्पा पीत नव्हते."

ते पुढच्या सीटवर होते. मागे वळलेही नाहीत.

"तुमच्या लोकांत कोण पीत नाही?"

तुमच्या लोकांत. आम्ही एकाच वेदीपाशी गुडघे टेकत होतो. प्रभुभोजनात एकाच भाकरीचा तुकडा खात होतो. आणि तरी माझे लोक वेगळे, त्यांचे वेगळे.

रियाने माझ्या कानात सांगितलं, "सोड ना यार. मिनिस्ट्रीसाठी आहे, देवाच्या कामासाठी. तुला थोडीच काही होतंय?"

आईला सांगितलं. आई शाळेत आया आहे. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "गप राहा. शिफारस हातात पडू दे. मग काय बोलायचं ते बोल."

"पप्पांबद्दल बोलले ते."

"ऐकलं मी. ते गेले. त्यांना आता काय लागणार आहे?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली. करपली होती. तीच तिने स्वतःच्या ताटात घेतली.

पुढच्या महिन्यात पाहुण्यांची नवी तुकडी आली. त्यांच्यासाठी परळची एक चाळ ठरली. तिथे माझी आत्या राहते. पप्पांची चुलत बहीण. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांचे भाऊ नंतर बौद्ध झाले. घरं दोन झाली, जाणंयेणं राहिलं. पप्पा शेवटचे आजारी असताना रोज हॉस्पिटलात डबा घेऊन येणारी हीच. नर्स तोंड बांधून लांब उभी राहायची. ही तोंड न बांधता उशाशी बसायची.

मी ब्रदरना गाठलं. "परळला माझी आत्या आहे. तिथे ते नका सांगू. हात जोडते."

मी खरंच हात जोडले.

त्यांनी क्षणभर विचार केला. मला वाटलं, ऐकतील.

"उत्तमच झालं," ते म्हणाले. "घरचंच माणूस समोर असलं की साक्ष अधिक खरी वाटते."

रविवार. परळच्या चाळीतलं पटांगण, एका बाजूला बुद्धविहार, वर निळे झेंडे. आत्या पहिल्या रांगेत. पांढरी कडक इस्त्रीची साडी. शेजारणींना गोळा करून घेऊन आली होती. मी माइक लावत होते तर मला ऐकू आलं, ती सांगत होती, "माझ्या शमूची पोरगी. आज भाषण करणार आहे."

पप्पांचं नाव शमुवेल. तिच्यासाठी शमू.

रियाने गिटार वाजवली. गाणं झालं. ब्रदर पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. इंग्रजीत सुरुवात केली. ही मुलगी अंधारात होती. मी मराठी केलं. हिच्या घरात शिक्षण नव्हतं. मी मराठी केलं. आत्याच्या कपाळावर आठी आली. तिने शेजारणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हिचा बाप दारू पिऊन मेला."

मी थांबले.

ब्रदरनी खांद्यावरचा हात दाबला. हळूच, मराठीत, "सांग."

शिफारस डोळ्यांपुढे होती. आईची करपलेली भाकरी होती. आणि समोर, हातभर अंतरावर, पप्पांना भरवणारा आत्याचा हात पदर चिवडत होता.

मी खांद्यावरचा हात काढला. उचलून बाजूला केला.

"हे म्हणतायत, माझा बाप दारू पिऊन मेला," मी माइकवर बोलले. "हे खोटं आहे. माझा बाप टीबीने मेला. लोकांची सेवा करताना लागलेल्या टीबीने. त्याच्यासाठी डबा घेऊन येणारी बाई इथे बसलीय. तिला विचारा."

मग पाहुण्यांकडे वळले आणि हेच सगळं इंग्रजीत सांगितलं. सावकाश. एक शब्दही न गाळता. आणि वर सांगितलं, "या माणसाला मराठी येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं. माझ्या बापाला दारुडा म्हणायचं, तेही माझ्याच तोंडून, एवढ्यासाठी मला इथे उभं केलंय."



ब्रदरनी माइक ओढून घेतला. "मुलगी भावनाविवश झाली आहे," ते गोड आवाजात म्हणाले. "आपण तिच्यासाठी प्रार्थना करू या." आणि डोळे मिटले. रियानेही मिटले. पाहुण्यांनीही मिटले.

आत्याने मिटले नाहीत. ती उठून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ओ साहेब. डोळे उघडा. माझ्या भावाचं नाव काय?"

ब्रदरनी डोळे उघडले. गोंधळले.

"ज्याला दारुडा केलात, त्याचं नाव सांगा."

त्यांना माहीत नव्हतं. किती वस्त्यांतून हा माणूस माझ्या बापाला दारू पाजून मारत फिरला, आणि त्याला नाव माहीत नव्हतं.

लोक उठले. बायकांनी पोरं उचलली. बिस्किटांच्या खोक्यांना कुणी हात लावला नाही.

मला वाटलं, आत्या मला जवळ घेईल. ती माझ्यापाशी आली. विचारलं, "हे आधी कुठे सांगितलंय यांनी?"

"वडाळ्याला. अजून दोन-तीन ठिकाणी."

"तू तिथे होतीस?"

"हो."

"माझ्या दारात आलं म्हणून तोंड उघडलंस तू," ती म्हणाली आणि जिना चढून गेली. चहाला ये म्हणाली नाही.

व्हॅनमध्ये मला घेतलं नाही. मी परळहून भायखळ्याला चालत गेले.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या ऑफिसात बोलावणं. पंचमंडळी बसलेली. सगळ्यांत वयस्कर गृहस्थ मायेने म्हणाले, "बाळ, येत्या रविवारी सगळ्यांसमोर क्षमा माग. आम्ही तुला क्षमा करायला तयार आहोत. पुढचंही बघू."

"मी काय चुकीचं केलं?"

"पाहुण्यांसमोर चर्चची अब्रू घालवलीस."

"आणि माझ्या बापाची?"

ब्रदर खिडकीबाहेर बघत होते. रिया कोपऱ्यात बसली होती. साक्षीदार म्हणून बोलावलेली. तिला विचारलं तर म्हणाली, मला मराठी नीट कळत नाही.

मी कार्ड टेबलावर ठेवून उठले. शिफारस मिळणार नाही, हे तेव्हाच कळलं. इंटर्नशिपचं वर्षही गेलं. आईला सांगितलं तेव्हा तिने माझ्या थोबाडीत मारली. लहानपणी कधी मारलं नव्हतं. मग म्हणाली, "बाप गेला तो गेलाच. तूपण गेलीस." त्यानंतर माझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढून ठेवते, हाक मारत नाही.

त्या रविवारी सगळ्यांना वाटलं, मी येणार नाही. मी गेले. पहिल्या बाकावर बसले. तो बाक जुन्या घराण्यांचा, कुठेही तसं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. भक्ती सुरू व्हायच्या आधी एक सेवक येऊन वाकून म्हणाला, "सिस्टर, तुम्ही मागे बसता का? इथे नेहमीची माणसं बसतात."

"मी पण नेहमीचीच," मी म्हणाले.

तो दोनदा येऊन गेला. शेवटी माझ्या दोन्ही बाजूंची माणसं उठून मागच्या बाकावर गेली. अख्ख्या बाकावर मी एकटी.

मी हे चर्च सोडणार नाही. सोडलं तर त्यांना हवं तेच होईल. सेमिनरीत मी त्यांच्या कागदाशिवाय जाईन. दार उघडलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा ठोठावीन. तोवर एकटी वस्त्यांत जाईन. आधी वडाळ्याला, यार्डामागे. तिथल्या बायकांना सांगीन की माझ्या बापाचं नाव शमुवेल होतं आणि तो कसा मेला. माझ्या तोंडून दुसऱ्या कुणाचं वाक्य आता निघणार नाही. दर रविवारी मी पहिल्या बाकावर बसेन. ज्याला माझ्या शेजारी बसवत नाही, त्याने उभं राहावं.