उदाहरणादाखल जमीन

गेल्या उन्हाळ्यात मी आमची वडिलोपार्जित जमीन इंग्रजीत विकली.

टोकावड्याला रस्त्यालगत माझी वडापावची टपरी आहे. माळशेजला निघालेली मंडळी गाडीतून उतरली की इंग्रजीशिवाय बोलत नाहीत आणि मी नुसती मान हलवतो. (एकदा मान जास्त हलली आणि एका बाईंच्या वड्यांत तिखट दुप्पट पडलं!) शेवटी माझी लेक प्राची माझी मास्तरीण झाली.

"बाबा, रोज एक शब्द घ्यायचा, त्याचं वाक्य करायचं आन् मोबाईलच्या स्टेटसला ठेवायचं. लाज सोडली की इंग्रजी येतं!"

सोमवारी 'फ्लाय' आला. मी लिहिलं, आमची म्हैस उडते. मंगळवारी 'किंग' आला आणि मी टोकावड्याचा राजा झालो. कोणी हूं की चूं केलं नाही. बुधवारी आला 'डिसाइड', म्हणजे ठरवणं. मी ऐटीत लिहिलं, "वी हॅव डिसायडेड टू सेल अवर लँड." आम्ही जमीन विकायचं ठरवलंय!

वड्यांचा घाणा निघेपर्यंत टपरीसमोर पांढरी गाडी हजर. फार्महाऊसवाल्यांमुळे आमच्याकडे एजंट खडकालाही गिऱ्हाईक आणतात.

"भाऊ, किती गुंठे?"

"अहो, ते अभ्यासाचं वाक्य आहे!"

"भाव वाढवायला सगळे असंच बोलतात," म्हणत त्याने भाव वाढवला. मुरबाडहून दुसरा आला, त्याने त्याच्यावर वाढवला. मी जितका नाही म्हणायचो, तितका भाव चढायचा!

तेवढ्यात बातमी घरी पोचली. आई कोयता घेऊन शेताच्या बांधावर जाऊन बसली. "गाडी आणायची तर माझ्या अंगावरून आणा!" मी धावत तिथे पोचतो तोच आसनगावहून थोरला भाऊ आला. जमीन आम्हा दोघांची सामाईक, भाताची लावणीही आजवर एकत्रच.

"मला न विचारता इकलीस? आजपासून तू माझा कोन नाय!" दादाचे डोळे भरले होते. जमीन राहिली बाजूला, इथे भाऊच चालला होता.

"दादा, परवा आमची म्हैस उडाली, ते वाचलंस?"

"वाचलं."

"मग बघायला आलास? काल मी राजा झालो, मुजरा करायला आलास?"

दादा विचारात पडला. "आमाला वाटलं, तुला ऊन लागलं."

"म्हंजे जमीन हाय ना?" आईने बांधावरून विचारलं.

"हाय गो आये, जशीच्या तशी!"

आईने कोयता खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. दादाने माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. इतका गोड धपाटा मी जन्मात खाल्ला नव्हता. मग त्याने टपरीवर येऊन पोटभर वडे खाल्ले आणि मला एकदम हायसं वाटलं.

'डिसाइड' हा शब्द मला आता झोपेतही येतो. फक्त तो वापरायची घरात बंदी आहे. काल वड्याबरोबर मिरची तळायची की नाही, तेही आईनेच ठरवलं!